अंगणातले लाल ठिपके

पाटाच्या पाण्यावरून आमच्या तालुक्यात कुठे कुठे मारामाऱ्या झाल्या, याचा नकाशा मी करत होतो. बातम्या चाळून कोणीतरी केलेली, प्रत्येक मारामारीचे अक्षांश-रेखांश दिलेली आयती यादी मिळाली. तिच्यातले निम्मे ठिपके एकाच जागी पडले, म्हणून ती जागा बघायला गेलो. तिथे एक मावशी अंगणात बाजेवर कुरडया घालत होत्या.

"मावशी, इथं फार भांडणं होतात का हो?"

"इथं पाटच नाही. भांडायला पाणी कुठाय?"

मग तिथेच यादी पुन्हा नीट वाचली, तेव्हा उलगडलं. गावाचं नाव न कळलेली प्रत्येक मारामारी यादीवाल्याने तालुक्याच्या मधोमध टाकून दिली होती, आणि मधोमध नेमकं मावशींचं अंगण होतं. छापलेल्या ठिपक्याला उलट कोण विचारतं? जिथे खरोखर डोकी फुटली, ती गावं नकाशावर पांढरीशुभ्र, साळसूद बसली होती.

मावशींना हे सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले. "म्हणजे पोलीस माझ्या दारात, आणि काठ्या तिकडं?"

आता कुठलाही नकाशा समोर आला की लाल ठिपके मी नंतर बघतो. आधी कोऱ्या जागेकडे बघतो, भांडणानंतर एकदम गप्प झालेल्या माणसाकडे बघावं तसा.