भाऊबीजेची तीन बोटं

फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "विद्याबेन गेल्या..." दवाखान्यातली मंजुळाबेन रडत होती, "चहा पिता पिता, खुर्चीतच." विद्या माझी नणंद, दांडिया बाजारातली दातांची डॉक्टर. चाळिशीही गाठली नव्हती. बेसण्याला, म्हणजे शोकसभेत, जो तो उठून तिच्या हुशारीचे गोडवे गात होता आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

कारण हीच माणसं तेव्हा काय बोलली होती, ते मी ऐकलंय. विद्या मॉलिक्युलर बायॉलॉजीत एम.एस्सी. झाली, पहिली आली. आता अमेरिका, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं. आणि ही निघाली कर्नाटकात दातांचं शिकायला, नुकत्याच बारावी झालेल्या पोरांशेजारी बसून! सासूबाईंनी अबोला धरला. मामंजी येईल-जाईल त्याला सांगत, "एवढं शिकली आणि आता दात उपटणार." तिनं खरं कारण सांगितलं ते मला. त्यांच्या प्रयोगशाळेत इस्पितळातून बाटल्या यायच्या, तोंडाच्या कॅन्सरच्या गाठींचे तुकडे. त्यांचा डीएनए काढून कुठं काय बिघडलंय ते बघायचं. "वहिनी, बाटलीत आलेल्याला मी काय वाचवणार गं? मला तो त्याच्या आधी भेटायला हवा. आणि माणूस आपणहून तोंड उघडतो कुणापुढं? दातवाल्यापुढंच ना?"

त्याच वर्षांत पानाच्या टपऱ्यांवर गुटख्याच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. लग्नकार्यातसुद्धा तबकातून पुड्या फिरायच्या. आमच्या ह्यांनाही ती सवय तेव्हाच लागली. मग विद्यानं भाऊबीजेला स्वतःचा नियम काढला. आधी तीन बोटं, मग ओवाळणं. उभी धरलेली तीन बोटं तोंडात मावली पाहिजेत. पुडीतल्या सुपारी-तंबाखूच्या मसाल्यानं गाल आतून आवळत जातात, तोंड उघडेनासं होतं, आणि त्यातूनच पुढं कॅन्सर होऊ शकतो, असं ती सांगायची. टॉर्च मारून दोन्ही गाल बघायची आणि मगच कुंकू लावायची. हे चिडवायचे, "अगं, भाऊ आहे मी, घोडा नाही! दात कसले बघतेस?"

गेल्या भाऊबीजेला ती आमच्याकडे गोत्रीला तबक घेऊन आली, तर हे गोरव्याला कारखान्यात निघून गेलेले. दिवाळीत कसलं डोंबलाचं काम? तिनं निरांजनात दोनदा तूप घातलं. वाट बघितली. शेवटी गच्चीवर गेली आणि ज्यांना भाऊ नसतो त्या बायकांसारखी चंद्राला ओवाळून आली. "दादाला सांग, मी रागावले नाही," एवढंच म्हणाली. महिनाभरात ती गेली.

परवा तिच्या दवाखान्यातलं सामान घरी आलं. त्यात तो टॉर्च होता. हे नेहमीप्रमाणे पुडी फोडत होते. मी टॉर्च लावला आणि म्हटलं, "आ करा."

"आता हे काय नवीन?"

"तीन बोटं घाला."

दोन गेली. तिसरं ओठाशीच अडलं. हे भिंतीकडं बघत म्हणाले, "मला ठाऊक होतं... म्हणून तर त्या दिवशी थांबलो नाही."

मी त्यांची हनुवटी धरून टॉर्च आत मारला. आत गालावर पांढरट चट्टा दिसत होता. तो कसला, हे बघताक्षणी सांगणारी बाई आमच्याच घरातली होती, आणि तिला आम्ही चंद्राला ओवाळायला लावलं.