बिनफोडणीचं वरण

"चेष्टा? हुतात्म्यांची चेष्टा? माझ्या घरात, माझ्या तोंडावर?"

काका ओरडले आणि झाशीच्या मानिक चौकातली यच्चयावत कबुतरं उडाली ती थेट कित्येक कोसांवरच्या एरचला, बेतवेच्या काठी जाऊन बसली. मी पाहिली नाहीत, पण दुसरं कुठे जाणार?

समोर माझी भाची भातवाढणं हातात धरून उभी होती. तिला कळेना, आपलं चुकलं काय.

त्याचं असं आहे. झाशीचा किल्ला पडला त्या तिथीला, चैत्रात, आमच्यासारखी इथली जुनी मराठी घरं संध्याकाळी काकांकडे जमतात. त्या दिवशी फोडणी वर्ज्य. वेढ्याच्या वेळी आमच्या पूर्वजांनी घरातलं सगळं तेल बुरुजावरच्या मशालींना देऊन टाकलं, म्हणून. माझ्या लहानपणी ते एक बुधलाभर होतं. आता मी सांगतो तेव्हा हत्तींवरून जातं. फोडणी नसल्यामुळे त्या दिवशीचा स्वयंपाक बिनधोकपणे माझ्याकडे सोपवलेला असतो.

पानं वाढली की काका विचारतात, "कोण राहिलं?" घरातल्या सगळ्यात लहान माणसाने उत्तर द्यायचं, "आम्ही राहिलो." मग जेवायचं. एवढाच विधी.

पण यंदा काकांनी आधीच जाहीर केलं होतं, "हे शेवटचं वर्ष. पोरं पुण्याला गेली, जी उरली त्यांना मराठी येत नाही. आता काय भिंतींना विचारू, कोण राहिलं?" वडील गेल्यापासून हा प्रश्न काकाच विचारत आलेत. तो आपल्याबरोबरच संपणार, हे त्यांनी असं सांगितलं, जणू दुधाचा रतीब बंद करतायत. जाहीर केलं त्या रात्री जेवले मात्र नाहीत.

म्हणून भाची सदर बाजारातल्या ऑफिसातून स्कूटर दामटत आली होती. आता पंगतीत सगळ्यात लहान तीच. नुसतं "आम्ही राहिलो" म्हणायचं सोडून तिने भाषण ठोकलं, "आम्ही सगळे दरवर्षी हुतात्म्यांना आठवण्याची चेष्टा करतो."

आणि तोफ डागली गेली.

"पण आजोबा," ती कळवळून म्हणाली, "चेष्टाच तर केली! पूरी चेष्टा केली! दिल से!"

काकांचा चेहरा असा लाल झाला की त्यावर वरण उकळलं असतं. भांडण इतकं झकास रंगलं होतं की मोडायला जिवावर आलं, पण काकांचं वय लक्षात घेऊन मी मध्ये पडलो.

"काका, हिंदीतली चेष्टा. म्हणजे प्रयत्न."

"मग प्रयत्न म्हणावं!"

"नाही आला शब्द!" आता भाची भडकली. "मामा, तुम्ही थांबा जी. आजोबा, ज्यांना प्रयत्न म्हणता येतं ते कुठायत? पुण्यातून मोबाइलवर फूल पाठवलंय त्यांनी, शुद्ध मराठीत. मी आले ना? गलत बोलले, पण आले! लढले त्यांना तरी कुणी आधी व्याकरण विचारलं होतं का?"

काका पानाकडे बघत राहिले. लोक म्हणतात, असल्या जुन्या लढाया आठवून आजच्या काळात काय मिळतं. त्यांनी त्या क्षणी काकांना बघायला हवं होतं. आधीच सरळ असलेलं पान सरळ करायला त्यांना अख्खा वेढा उठवण्याइतका वेळ लागला.

मग काका ताठ बसले.

"कोण राहिलं?"

"आम्ही राहिलो!" भाची गरजली. तिच्यामागून सगळी पंगत गरजली. शेजारच्या बुंदेली भौजी विरजण मागायला दारात आल्या होत्या. त्यांना काय चाललंय ते माहीत नव्हतं, तरी वाटी उंचावून त्याही ओरडल्या, "हम सोई हैं!" म्हणजे, आम्हीपण आहोत.

किल्ल्याचा एक चिरा हलला. हे मी शपथेवर सांगतो. भौजींना आम्ही हाताला धरून पंगतीत बसवलं. ते आळणी, पिवळंधमक वरण लोकांनी असं ओरपलं की श्रीखंडाने लाजावं. काकांनी तीनदा मागून घेतलं. चौथ्यांदा मागितलं तेव्हा पातेलं खडखडीत होतं.

माझी छाती नगाऱ्याएवढी झाली होती. मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मग काका, हे शेवटचं वर्ष ना?"

काकांनी बोट चाटलं.

"डाळ जास्त लावत जा."