दुकानातला पंखा बंद करून

तुमच्या कॉम्प्युटरचा आवाज घरात कोण सोसतं, हे कधी पाहिलंत?

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीने आधी छताचा पंखा बंद करायला लावला. मग कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये बसवायचे पंखे एकेक चालू करून तिने कान लावला.

“ताई, लोक रंगीत लाइट बघतात. आवाज कोण ऐकतं?” दुकानदार घाम पुसत म्हणाला.

“आमची एकच खोली आहे, काका. बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपतात. लाइट नकोत, त्या पैशांत हा मोठा, सावकाश फिरणारा पंखा बसवा.”

आम्ही सगळे घामाघूम होऊन तो पंखा ऐकत होतो. शांतता मोठ्या घरांनाच मिळावी, असं कुणी ठरवलं?

तुम्हीही कॉम्प्युटर घेण्याआधी दुकानातला पंखा बंद करायला सांगा, आणि घरी झोपलेल्या माणसाच्या कानांनी ऐका.