मीतज्यूंचं नाव घ्यायचं नसतं

माणूस गेल्यावर लिहायचे असले लेख कसे असतात ते मला माहितीय. फोन वाजतो, हातातला कप थरथरतो, खिडकीबाहेर एक पान गळतं. तसलं काही होणार नाही, आधीच सांगून ठेवतो. आणि गुरखा गेला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सोसायटीचं गेट, शिट्टी आणि दिवाळीचं पोस्त मागणारा 'सलाम साब' आला असेल, तर तोही पुसून टाका. आमचे दाजू ब्रिटिश पलटणीतून रिटायर झालेले. पुढे वेम्बलीच्या एका ऑफिसात सिक्युरिटीला बसायचे हे खरंय, पण शिट्टी त्यांच्याकडे कधीच नव्हती. बातमी आली तेव्हा मी कॉव्हेंट्रीत, लंच ब्रेकमध्ये गारढोण सँडविच चावत होतो. फोनबिन काही आला नाही. इंग्लंडातल्या नेपाळी लोकांची एक वेबसाइट होती, तिच्यावर दाजूंचा फोटो दिसला. फोटोभोवती कॉम्प्युटरनं काढलेला हार, खाली 'श्रद्धांजली', आणि त्याखाली लोकांनी ओळीनं तेच तेच लिहिलेलं. मी विश्वास ठेवला नाही. या साइटवरच्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हे मला ज्या माणसानं शिकवलं त्याच्या मरणावर तरी का ठेवू? सरळ त्यांचा मोबाइल लावला. रिंग गेली, उचललाही. म्हटलं, बघा, जिवंत आहेत... तर पलीकडे त्यांचा पुतण्या. "हो भाइ," तो म्हणाला, "खरंय. हार्ट."

दाजू म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. वय माझ्या वडिलांएवढं, पण काका म्हटलेलं चालायचं नाही. वेम्बलीच्या त्या घरात आम्ही पाच भाडेकरू, किचन एक. मी करमाळ्याच्या शाळेतून आलेला, तिथं हेडमास्तरांचा आवाज काढून सगळी शाळा अर्धा तास आधी सोडून दिलेली, एवढंच माझं शिक्षण समजा. कॉम्प्युटरचा कोर्स करायला आलो होतो. घरात लॅपटॉप फक्त माझ्याकडे, म्हणून रविवारी दुपारी जेवणं झाली की दाजू यायचे. बसायचे नाहीत. हात मागे बांधून माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे, परेडची तपासणी असल्यासारखे. त्या दिवसांत सगळी नेपाळी मंडळी त्या साइटवर लोटली होती. कुणी खोली शोधतंय, कुणी विमानाचं तिकीट, कुणी हरवलेला चुलतभाऊ. दाजूंचं बोट मागून खांद्यावरून यायचं. "को हो यो?" हा कोण? मी म्हणायचो, नाव लिहिलंय की. "नाव कोणीही लिहील. फोटोत फूल आहे. माणूस कुठंय?" एकदा एकानं लिहिलं, मी तुमच्याच गावचा. दाजूंनी मला टाइप करायला लावलं: गावच्या पाण्याच्या धारेपासून पिंपळ कुठल्या हाताला? उत्तर आलंच नाही. दाजू आठवडाभर खूश होते. हसायचे नाहीत, नुसती हनुवटी वर जायची. ती हनुवटी आणि तो 'को हो यो' मी इतका हुबेहूब करायचो की खालच्या मजल्यावरचा गुजराती पोरगा दचकून दार लावून घ्यायचा.

आमची बोलायची भाषा म्हणजे मोडकी हिंदी आणि मध्ये मध्ये नेपाळी, मी आपली मराठीत देतोय.

एका रविवारी दाजू म्हणाले, एक माणूस शोधायचाय. म्हटलं, नाव सांगा. गप्प. परत विचारलं, परत गप्प. मला वाटलं, माझ्यावरच संशय. मग हळूहळू कळलं. त्यांच्यात दोन मित्र पूजाबिजा करून, भेटी बदलून एकमेकांचे 'मीत' होतात. सख्ख्या भावापेक्षा जवळचं नातं. एकदा मीत झालं की दाजूंच्या गावात एकमेकांचं नाव घ्यायचं नसतं, मीतज्यू म्हणायचं. आता सर्चच्या डब्यात काय टाकू, मीतज्यू? अख्ख्या नेपाळचे मीत येतील. मी म्हटलं, दाजू, आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतात, तुम्ही पण एक घ्या. चांदीच्या ताटात मोमोची रास... त्यांनी टपली मारली. मग खोलीतून पलटणीचा जुना फोटो आणला, मागं सगळ्यांची नावं होती. एका नावावर बोट ठेवलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मी नाव मनात वाचलं, टाइप केलं. इथंही लिहीत नाही.

मीतज्यू पलटणीतून आधी सुटले होते. मग गाठ नाही. गावाकडे पाठवलेल्या पत्रांना उत्तर नाही. मी विचारलं, एवढी वर्षं गेली, आता कशाला? दाजू म्हणाले, "मीत मेला तर पाच दिवस अळणी खायचं असतं. मी मेलो आणि त्याला कळलंच नाही तर? तो मीठ खात राहील." त्यांची बायको आधीच गेलेली, मुलगी पोखऱ्यात संसारात. आपल्यासाठी कुणी मीठ सोडावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं... मला तेव्हा ते गमतीचं वाटलं. खोटं कशाला सांगू.

किती रविवार शोधलं, काही नाही. आणि मग मी ते केलं. मीतज्यूंच्या नावानं साइटवर खातं उघडलं, फोटोच्या जागी बर्फाचा डोंगर लावला आणि दाजूंना निरोप टाकला: मीतज्यू, ओळखलंत? पाच मिनिटं मजा बघायची, 'को हो यो' ऐकायचं, मग हसून सांगून टाकायचं, एवढाच प्लॅन. रविवारी दाजूंना स्क्रीन दाखवली. बोट आलं नाही. डोंगराबद्दल एक शब्द नाही. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले. कधी न बसलेला माणूस बसला. आता सांगतो, आता सांगतो असं करत तो क्षण गेला. ते म्हणाले, लिही, मीत झालो त्या दिवशी तुम्ही मला काय दिलंत? मी माझ्या हातानं प्रश्न लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी कोर्सच्या लॅबमधून माझ्याच हातानं उत्तर दिलं: टोपी. नेपाळी माणूस टोपीच देणार, अजून काय?

पुढच्या रविवारी दाजूंनी ते वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बन्द गर, भाइ." बंद कर. आणि उठून गेले. मला वाटलं, त्यांनी चोरी पकडली, पण चोर मीच हे त्यांना नाही कळलं. सुटलो. खातं पुसून टाकलं. त्यानंतर दाजू रविवारी आले नाहीत. किचनमध्ये दिसायचे, चहा द्यायचे, साइटचा विषय नाही. थोड्याच दिवसांत मला कॉव्हेंट्रीला नोकरी लागली. निघताना त्यांनी माझ्या बॅगेची चेन ओढून तपासली आणि म्हणाले, तिकडं कुणी गोड बोललं तर आधी दोन प्रश्न विचार. मी त्यांच्याच आवाजात 'हुन्छ', म्हणजे बरं, म्हटलं. तीच शेवटची भेट.

तेराव्याला वेम्बलीत एक हॉल घेतला होता. पुतण्या पांढऱ्या कपड्यांत बसलेला. जेवणं झाल्यावर घरातल्या जुन्या भाडेकरूंनी मला पुढे ढकललं, दाजूंचा आवाज काढ म्हणून. मी काढला. माणसं हसली, दोघंतिघं रडली. मागच्या रांगेतला एक बुटका म्हातारा हसलाही नाही, रडलाही नाही. नंतर जवळ येऊन त्यानं विचारलं, त्यांच्यासाठी टाइप करणारा मुलगा तूच का? पुतण्यानं ओळख करून दिली. हे मीतज्यू. इल्फर्डला मुलाकडे राहतात, सात वर्षं झाली. नातीनं साइटवरचा तो हारवाला फोटो दाखवला, तेव्हा कळलं. पाच दिवस अळणी खाऊन आले होते. इल्फर्ड ते वेम्बली, ट्रेननं तासभर...

त्यांनी खिशातून एक पत्र काढलं. दाजूंच्या हातचं. माझ्याकडे येणं थांबवल्यावर दाजूंनी परत एकदा गावच्या पत्त्यावर लिहून बघितलं होतं. गावातलं बंद घर मीतज्यूंच्या भावानं यंदाच उघडलं आणि पत्र इल्फर्डला पाठवून दिलं. मीतज्यूंनी ते मला वाचून दाखवलं: मीतज्यू, त्या दिवशी टोपी नव्हती. आठवत नसेल तर राहू दे, वय झालं. पण त्या कॉम्प्युटरवर आता नको, समोर या.

खाली वेम्बलीचा पत्ता होता. मीतज्यूंनी ते पत्र मुलाला दाखवलं होतं. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही कधी कॉम्प्युटरवर कुणाशी बोललात? कसली टोपी? हा फ्रॉड आहे, म्हाताऱ्यांना असंच गाठतात, जाऊ नका. मीतज्यूंनाही ते पटलं. पत्र ड्रॉवरमध्ये गेलं.

मी सगळं सांगून टाकलं. डोंगर, लॅब, टोपी. कुणाचाही आवाज न काढता, माझ्या स्वतःच्या आवाजात, तो फार बारीक निघाला.

मीतज्यू हळू आवाजात बोलले, पण हॉलमधली भांडी आवरणारी माणसं थांबली. म्हणाले, गाढवा, आमच्याकडे द्यायला काही नव्हतं, आम्ही पायातले बूट बदलले. त्याचे मला लहान व्हायचे. वर्षभर लंगडत परेड केली मी, शिक्षा भोगली, पण ते बूट काढले नाहीत. ते मी विसरेन? मी माफी मागायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून सरळ उभं केलं, रिक्रूटला करतात तसं.

"फसवलंस, त्याचं काही नाही. पलटणीत चेष्टा चालते," ते म्हणाले. "पण माझ्या नावानं तू त्याला विसरलास. आणि त्यानं ते खरं मानलं. आयुष्यात कुणावर विश्वास न ठेवणारा माणूस, त्यानं एवढं एकच खरं मानलं, आणि मला माफ करून गेला. मी काही केलं नव्हतं रे, भाइ."