मोचेसाहेबांचा मुक्काम

आखातातल्या अल क्वोज भागातल्या आमच्या गोदामात लोक आपल्या महागड्या कलावस्तू सांभाळायला ठेवतात. वस्तू पेटीत बसून निघून जातात, किस्से मात्र आमच्याकडेच पडून राहतात. एका मडक्याने तर दोन महिन्यांत कहर केला.

मडकं पेरू देशातलं, दीडएक हजार वर्षांपूर्वीचं. इंकांच्याही आधी तिथे मोचे नावाचे लोक होते. ते खऱ्याखुऱ्या माणसांचे चेहरे मातीत घडवत आणि डोक्यावर पोकळ कडी अन् तोटी बसवत. आमचा चेहरा पन्नाशीतल्या, वैतागलेल्या माणसाचा. पॅकिंगवाले सावंत, राजापूरचे, त्याला पहिल्या दिवसापासून 'मोचेसाहेब' म्हणायला लागले.

* * *

आवक फॉर्मवर दोनच चौकोन: न्यू किंवा यूज्ड. मी 'यूज्ड'वर टिक केली. मॅनेजर म्हणाला, "क्लायंट को बुरा लगेगा." तासभर मीटिंग झाली. शेवटी ठरलं: 'यूज्ड, लाइक न्यू.'

* * *

मोचे लोकांना लिपी नव्हती, हे मी मॅनेजरला उत्साहाने सांगितलं. तो गंभीर झाला.

"लिखना नहीं आता था? फिर सर्टिफिकेट किसने दिया?"

* * *

घरी मुलीला फोटो दाखवला. "बाबा, ही लुक्स लाइक यू."

बायकोने फोन घेऊन नीट पाहिलं. "नाही गं. हा ऐकतोय तरी."

* * *

क्लायंटची इंटिरियर डिझायनर आली, मूळची पुण्याची. सोफ्याच्या कापडाचा तुकडा मडक्याशेजारी धरून म्हणाली, "कलर परफेक्ट आहे. पण एक्स्प्रेशन फार निगेटिव्ह. हसणारा पीस मिळेल का?"

सावंत शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे थडग्यात झोपले होते. झोपमोड केल्यावर कोण हसतं?"

* * *

मग कागद तपासताना कळलं, मडकं पेरूबाहेर कसं आलं याचा एकही पुरावा नाही. वकिलाने घाबरवल्यावर क्लायंट ते परत पाठवायला तयार झाला. आठवड्यात सगळ्या परवानग्या आल्या.

सावंतांची आई गावी आजारी होती. त्यांचा रजेचा अर्ज तीनदा परत आला होता, माणसं कमी आहेत म्हणून. त्यांनी चेहऱ्याच्या मापाचा फोम कापला, नाकाशी थोडी जास्त जागा ठेवली, पेटी बंद केली. मी लेबल चिकटवलं.

"काय लिहिलंय?"

"घरी परत."

सावंतांनी लेबलावरून हात फिरवला. "साहेब, मोचेसाहेबांचा अर्ज कोणी लिहिला होता?"