बांधातली उघाडी

नेरूळला तेव्हा नवी वसाहत वसत होती. ती मुलगी तिथल्या जुन्या गावातली, आर्ट स्कूलमध्ये शिकलेली. आमची इमारत ज्या मिठागरावर भराव घालून उभी राहिली, ते तिच्या घरचं. हे तिनं मला कधीच बोलून दाखवलं नाही. इमारतीमागच्या चिखलात ती चपला काढून उतरायची आणि हातांनी छोटंसं मिठागर बांधायची. आठवड्याभरात डंपर त्यावर मुरूम ओतायचा.

"मोडणारच, तर बांधतेस कशाला?" मी एकदा विचारलं.

"आगर तं दर पावसाला मोडतंच, दादा. आमी परत बांधतो."

पुढे मुंबईच्या एका गॅलरीनं तिला बोलावलं. तिथल्या गुळगुळीत फरशीवर तिनं खाडीचा चिखल पायांनी तुडवून बसवला, भोवती बांध घातला, आत मीठ पसरलं. लोक वाखाणत होते. मला बांधात एक मोकळी जागा दिसली. भरतीचं पाणी आत घ्यायची ती उघाडी.

"इथं कुठून येणार पाणी?" मी हसत म्हणालो.

ती हसली नाही. "आलं तं त्याला वाट नको?"

घरी परतल्यावर मी सोसायटीच्या कुंपणाभोवती फिरून पाहिलं. भिंत सगळीकडून सलग होती.