खोरशेदमावशींची प्रार्थना

शेजारच्या पारशी खोरशेदमावशी रोज सकाळी गॅलरीत उभ्या राहून कमरेची कस्ती सोडतात, प्रार्थना म्हणतात आणि ती पवित्र दोरी पुन्हा बांधतात. आज त्या मध्येच थांबल्या. पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा त्याच शब्दापाशी अडल्या. सोडलेली कस्ती हातात तशीच लोंबत राहिली.

मला ओशाळल्यासारखं झालं. त्यांची प्रार्थना ज्या अवेस्ता भाषेत आहे, ती मी कॉलेजात शिकवतो. मागच्या आठवड्यात त्यांनी सहज अर्थ विचारला आणि मी रंगात येऊन अर्थाबरोबर त्यांचे उच्चारही दुरुस्त केले. हा स्वर दीर्घ हवा, हा शब्द इथे तुटत नाही, असं बरंच काही. वर्गात मी हिला मृत भाषा म्हणतो. तीच भाषा इतकी वर्षं मला भिंतीपलीकडून ऐकू येत होती, हे मनातही आलं नाही. आईच्या मांडीवर शिकलेले शब्द त्यांच्या तोंडून आपसूक यायचे. आता त्या एकेक शब्द तपासून घेत होत्या.

मी कठड्याशी जाऊन म्हणालो, "मावशी, तुम्ही आपलं पूर्वीसारखंच म्हणा. मूळ उच्चार नेमका कसा होता, ते आम्हालाही पक्कं ठाऊक नाही. सगळा अंदाजच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग सांगितलंस कशाला, दीकरा?"

त्या रागावल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मला सांगायला आवडलं होतं, एवढंच खरं उत्तर होतं.